काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

घरी केलेलं खेळणं दोन दिवसांत मोडतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं एका पालकानं विचारलंय. मोडतं ही तर त्याची जमेची बाजू! मूल स्वतःच ते पुन्हा जोडायला बसतं.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांचं काड्यांचं मेकॅनो (तुकडे जोडून आकार बनवायचा खेळ) जरूर करून बघा. 1978 साली मध्य प्रदेशातल्या शाळांसाठीच्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांना ते सुचलं. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी) आणायची, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. काडेपेटीतल्या काड्यांचं गुल मोठ्यांनी आधी खरवडून टाकायचं (हे विसरू नका). तुकड्याच्या दोन्ही टोकांत काडी खुपसली की झाला सांधा.

तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. तो ताठ कसा करायचा हे कृपा करून सांगू नका! मुलं आडवी काडी घालायला जातात, ती कर्णाला पुरत नाही, मग लांब काडी शोधत घरभर फिरतात. खराट्याची काडी बहुधा त्यांनाच सापडते. माझ्या मते खरी मजा त्या शोधाशोधीत आहे; विकतच्या किटमध्ये सगळे तुकडे आधीच मापात कापलेले असतात.

मुलं मोठी असतील तर पुढे घन, चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार), घरांचे सांगाडे, सगळं याच सामानात होतं.