पोट सुटतं ते फक्त जिभेपायी?

महालवाली: काल इथे एकाने लिहिलं, ‘तर्री सुटत नाही म्हणून पोट सुटतं, बाकी सगळे बहाणे.’ डोकं फिरलं. भूक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ठरते. तिथल्या काही पेशी भूक चेतवतात, काही ‘पुरे’ म्हणतात. चरबीतून निघणारं लेप्टिन, जे १९९४ मध्ये सापडलं, दोघींना शिल्लक साठा कळवतं. २०१२ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी उंदरांना चरबीचं खाणं दिलं, तर तीन दिवसांच्या आत या भागात दाह सुरू. वजन नीट वाढायच्याही आधी! दाहात लेप्टिन पोचतं, पण पेशी दाद देत नाहीत, म्हणून भूक शमत नाही. माझ्या बहिणीला डॉक्टर तपासायच्या आधीच म्हणाले, ‘तोंड आवरा.’ ती अर्ध्या पोळीवर होती हो!

इतवारीकर: उंदराचं उंदरापाशी ठेवा. मले डेंगू झाला तवा वरणभाताचा वासही नको वाटे. दाहानं भूक वाढते, तं तापात मरते काऊन?

महालवाली: तो दाह जोराचा, चार दिवसांचा. त्यातलं इंटरल्युकिन-१ हे रसायन ‘पुरे’वाल्या पेशींनाच चेतवतं. लठ्ठपणातला मंद असतो, वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि लेप्टिनचा निरोप पेशीच्या आत अडवतो.

जवसवाला: सारा दोष रिफाईंडचा! सावजी रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा. ओमेगा-३ भरपूर. घाणीचं तेल गेलं अन् पोटं आली.

धंतोलीकर: झालं, आलं जवस! ते तेल तापवलं की लवकर बिघडतं. आणि तेल कोणतंही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी.

जवसवाला: आमची आजी त्याच तेलावर नव्वदीपर्यंत खणखणीत होती. तुम्ही घाणी पाहिली तरी आहे का?

धंतोलीकर: आजी उन्हातान्हात कापूस वेचायची. तुम्ही पानठेल्यावरही गाडीनं जाता. आजीला पुढे करू नका!

जवसवाला: घरच्या माणसांवर घसरायचं काम नाही, सांगून ठेवतो.

इतवारीकर: अरे, तेल सोडा! ताई, तापाचं पटलं, घ्या. पण मेंदू सुजला म्हणून दुसरी प्लेट माफ नाही होत.

महालवाली: माफी मागतंय कोण? लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही त्याच भागात बदल दिसलेत. माणसात आधी वजन की आधी दाह, यावर वाद घाला, मी बसते. पण ‘तोंड आवरा’ हा इलाज नाही.

जवसवाला: घाणीचं तेल कुठे मिळतं ते उद्या टाकतो. ज्याला पटेल त्याने घ्यावं.