जॅझकडे जायला बाखचं बोट कशाला?

चेलोवाला: कालच्या धाग्यावर एकाने छातीठोकपणे लिहिलंय, ‘बाख-बेथोव्हेनचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी जॅझची सुरुवात जाक लुसिएच्या बाखपासून करावी, पचायला सोपं जातं.’ (लुसिए म्हणजे बाखच्या रचना आपल्या त्रिकुटासोबत जॅझच्या अंगाने वाजवणारा फ्रेंच पियानोवादक.) आम्ही काय तान्ही बाळं आहोत? ओळखीचा बाख शोधत बसलात की जॅझ ऐकायचं राहूनच जातं. त्यापेक्षा सरळ जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याचं ‘सो व्हॉट’ लावा, १९५९ चं. धून चक्क खर्जातल्या डबल बासवर आहे. ३२ बारची फेरी (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट): १६ बार डी डोरियन, म्हणजे डी सुरावरची एक स्वरमालिका, मग ८ बार तीच अर्धा सूर वर, मग ८ परत खाली. ट्रम्पेटच्या सोलोत तो अर्ध्या सुराचा चढ कानाने पकडा. तो सापडला की जॅझवाले ‘मनाला येईल ते’ वाजवत नाहीत हे कळतं.

रात्रपाळी: मी लुसिएमुळेच जॅझकडे आले. आमच्याकडे एक घासलेली कॅसेट होती, तिच्यात पियानो खरखरायचा आणि बास तेवढा स्वच्छ यायचा. वॉकिंग बास म्हणजे काय, मात्रेमात्रेला एक सूर टाकत बास कसा चालतो, ते तिथे कळलं. तुमचं डोरियन तुम्हालाच लखलाभ.

तिरकस: सुरुवात कुठूनही करा हो, पण जॅझमध्ये एकाचा सोलो संपला की मध्येच टाळ्या कशाला? पुढच्या पियानोचे पहिले चार बार दरवेळी पाण्यात!

रात्रपाळी: मोत्सार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना खुशीत कळवलं होतं, सिंफनीच्या पहिल्याच भागाच्या मधोमध टाळ्या पडल्या म्हणून. मूग गिळून बसायची शिस्त नंतरची.

तिरकस: मोत्सार्टला विगही चालायचा. मी घालू?

चेलोवाला: टाळ्यांवर वेगळा धागा काढा की! (दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली म्हणून एका मैफिलीत शेजारच्या काकांनी माझ्याकडे असं बघितलं होतं, जणू मी त्यांचं पाकीट मारलं.)

तिरकस: बरोबरच बघितलं.

रात्रपाळी: आता मुद्द्याचं. लुसिएच्या त्या त्रिकुटातला बासवाला पिएर मिशलो. १९५७ मध्ये पॅरिसला माइल्स डेव्हिसने एका सिनेमाचं संगीत रेकॉर्ड केलं, तेव्हा बासवर हाच होता. तुमच्या देवाला चालला, तुम्हाला नाही?

चेलोवाला: मिशलो मान्य. मध्ये मध्ये बाख येतो तेवढं सोडलं तर छानच वाजवतो.

रात्रपाळी: उपकार झाले.