इलेक्ट्रिक कुकरमध्ये कोरियन चिकन प्रत्येक वेळी तळाला लागतंय, कुठे चुकतंय?

वेंगुर्ल्याची_सई

नमस्कार मंडळी. दिवाळीला भावाने सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर दिलाय, डाळ, भात, मटण सगळं मस्त होतं त्यात, पण लेकीला कोरियन सिरियल बघून बघून तिकडच्या जेवणाचं वेड लागलंय आणि दहावीचा शेवटचा पेपर झाला की तुला दाकबोक्कमतांग करून घालते असं मी तिला कबूल केलंय. म्हणजे चिकन, बटाटा, गाजर घातलेला त्यांचा तिखट गोडसर रस्सा. रंगीत तालीम म्हणून दोनदा केलं आणि दोन्ही वेळा बिघडलं.

पहिल्यांदा तेलावर कांदा लसूण परतला, त्यात गोचुजांग (ती आंबवलेल्या लाल मिरचीची पेस्ट, मुंबईहून मागवली) दोन मोठे चमचे घालून तेल सुटेपर्यंत परतली, मग चिकन, बटाटे, सोया सॉस आणि अर्धा कप पाणी, म्हटलं चिकनला अंगचं पाणी सुटेलच. प्रेशर यायच्या आधीच बर्न असं दाखवून कुकर थांबला. दुसऱ्यांदा दोन कप पाणी घातलं तर प्रेशर आलं पण बटाट्याचा लगदा, रस्सा पाणचट आणि तळाला तरी काळा थर आहेच. गॅसच्या कुकरला मी शिट्ट्या मोजते, याला शिट्टीच नाही त्यामुळे काही अंदाजच येत नाही. गोचुजांग महाग आहे हो, तिसऱ्यांदा वाया घालवायची नाहीये. आणि रेसिपीत सुक्या बारीक माशांचं पाणी घाला लिहिलंय, ते आपल्याकडे कशाचं करायचं? कोणी नियमित करत असेल तर प्लीज सांगा.

मेघा_रत्नागिरी

सई ताई, तुमचा घात परतण्यात होतोय. आपला हात लहानपणापासून वाटण तेल सुटेपर्यंत परतायला शिकलेला, माझाही तसाच होता, पण गोचुजांग म्हणजे आपलं वाटण नव्हे. त्यात मिरचीबरोबर चिकट तांदळाचं पीठ, आंबवलेलं सोयाबीन आणि गोडवा असतो, म्हणजे पीठ आणि साखर दोन्ही, ते गरम तळावर पडलं की चिकटणारच आणि एकदा चिकटलं की वरून कितीही पाणी ओता, खालचा थर सुटत नाही. तळ फार तापला की कुकरचा सेन्सर बर्न दाखवतो. या रश्श्याला फोडणी लागतच नाही! तिकडे सगळं एकत्र पातेल्यात घालून उकळत ठेवतात आणि शेवटी आटवतात.

मी करते ते असं. एक किलो बॉयलर कोंबडी, रश्श्याला करतो तसे तुकडे. कुकरच्या भांड्यात आधी एक कप पाणी आणि चार टेबलस्पून सोया सॉस, नुसतं पातळ. त्यावर कांद्याचे मोठे तुकडे, मग चिकन, सगळ्यात वर बटाटे आणि गाजर. बटाटा मध्यम असेल तर दोनच तुकडे, बारीक चिरलात तर लगदा होणारच. कोरियन बायका तर काही पदार्थांत बटाटा गाजराच्या कडासुद्धा सुरीने गोल करून घेतात, टोकं झिजून रस्सा गढूळ होऊ नये म्हणून. मग दोन टेबलस्पून गोचुजांग, दोन टेबलस्पून मिरची, ठेचलेला लसूण भरपूर आणि चमचाभर साखर एकत्र कालवून तो गोळा वरून ठेवायचा आणि अजिबात ढवळायचं नाही. वाफेने तो आपोआप उतरतो.

हाय प्रेशरवर ८ मिनिटं. ही ८ मिनिटं प्रेशर चढल्यावर सुरू होतात, त्याआधीची दहा पंधरा मिनिटं वेगळी. संपल्यावर १० मिनिटं हात लावू नका, मग वाल्व फिरवा. झाकण काढलं की रस्सा पातळच दिसेल, घाबरायचं नाही, गॅसच्या कुकरसारखी यातून वाफ बाहेर जात नाही त्यामुळे पाणी आटतच नाही. आता सॉते मोडवर (परतायचं बटण) उघड्यावर पाच सात मिनिटं उकळू द्या, हलक्या हाताने हलवत राहा, छान अंगाबरोबर होतो. शेवटी तिळाचं तेल, तेही उकळी थांबल्यावर, नाहीतर वास उडून जातो, आणि कांद्याची पात.

शिट्ट्यांचा हिशोब सोडून द्या. आपला गॅसचा कुकर साधारण १५ पीएसआयला (हे दाबाचं माप) चालतो, इलेक्ट्रिक बहुतेक १० ते १२ ला, म्हणून मटण, राजमा अशा गोष्टींना थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. आणि गावठी कोंबडी असेल तर बटाटे घालूच नका आधी, २५ मिनिटं नुसती कोंबडी, मग उघडून बटाटे घालून परत ४ मिनिटं.

मिरचीबद्दल पण सांगते, गोचुगारू (त्यांची भरड लाल मिरची) नाही मिळाली तर बेडगीच्या बिया काढून मिक्सरला जाडसर फिरवा. पूड नको, भरडच. रंग येतो आणि तिखट बेताचं राहतं. संकेश्वरी घालू नका, लेक रडेल.

खाडीकाठचा_बाबू

गो सई, काय घाबरू नको, माझा पण असाच झालेला. बर्न दिसला की लोक नुसता पाणी ओततात आणि परत चालू करतात. तसा नाय करायचा. बंद कर, वाफ जाऊ दे, उघड आणि लाकडी चमच्यान तळ खरवडून काढ, सगळा सुटला की मगच परत लाव. आणि भांडा आत ठेवण्याआधी बाहेरून कोरडा पूस, एक थेंब पण ऱ्हवता नये.

वेंगुर्ल्याची_सई

मेघा ताई, बाबू दादा, खूप खूप धन्यवाद. फोडणी लागतच नाही हे मला सुचलंच नसतं, रेसिपीत परता लिहिलेलं नव्हतं तरी मी आपणहून परतत होते. आता फक्त ते माशांचं पाणी राहिलं.

सुकटवाली_मावशी

सई बाळा, हा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. ते लोक म्योलची म्हणजे सुके बारीक अँचोव्ही वापरतात आणि बरोबर दाशिमा नावाचं जाड समुद्री शेवाळ. आपल्या मांदेल्या त्याच कुळातल्या, बाजारात सुकी मांदेली मिळाली तर तीच घे. डोकं आणि पोटातली घाण काढून टाक, कडवटपणा तिथूनच येतो, मग कोरड्या तव्यावर मंद भाजून घे म्हणजे उग्र वास जातो. मूठभर मांदेली, सहा कप पाणी, उघड्या पातेल्यात उकळी आल्यावर १० ते १५ मिनिटं, आणि गाळून घे. हे काम कुकरमध्ये नको, जास्त उकळलं की कडू होतं. मांदेली नसेल तर थोडे सोडे घाल, चव वेगळी येते, गोडसर, पण मला तीही आवडते.

हे पाणी चिकनला नसलं तरी चालतं खरं तर. त्याची खरी मजा किमची जिगेला, म्हणजे जुन्या आंबट किमचीचा (मीठ मिरची लावून आंबवलेल्या भाजीचा) रस्सा. आणि किमची घरीच कर गं. चायनीज कोबी इथे मिळत नाही म्हणून अडू नको, मुळ्याचे चौकोनी तुकडे करून करतात ती काकडुगी कर, मुळा काय कुठेही मिळतो. मीठ लावून अर्धा तास ठेव, सुटलेलं पाणी काढ, भरड मिरची, आलं, लसूण, थोडी साखर आणि आंबवलेल्या कोळंबीऐवजी भाजून कुटलेला जवळा. आपल्या उकाड्यात एक दिवस बाहेर पुरे, मे महिन्यात तर कधी कधी रात्रीतच बुडबुडे येतात, की लगेच फ्रिजमध्ये. बरणी गच्च भरायची नाही.

मला या लोकांचं फार जवळचं वाटतं ते याचसाठी. थंडीच्या आधी घरचे, शेजारचे सगळे मिळून किमची घालतात, किमजांग म्हणतात त्याला, २०१३ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलंय. आपण आगोटीला सुकी मासळी, सांडगे, मिरच्या, कोकम भरून ठेवतो तेच की हे, फक्त त्यांची धास्ती बर्फाची आणि आपली पावसाची.

एक सांभाळ. कुकरच्या झाकणाचं रबर सुक्या माशाचा, किमचीचा वास धरून ठेवतं. दुसरं रबर आण, एक तिखटाला, एक भात खिरीला. पावसाळ्यात धुऊन पूर्ण सुकवूनच बसव आणि झाकण उलटं ठेव, बंद करून ठेवलंस तर कुबट वास येतो.

दापोलीकर_नि

एक महत्त्वाचं राहिलं, लाईट. आमच्याकडे जूनपासून कधी जाईल नेम नाही. हे कुकर साधारण १००० वॅटचे असतात, घरातला छोटा इन्व्हर्टर ओढत नाही, प्रयत्नही करू नका. मधेच लाईट गेली तर झाकण उघडायची घाई नको, प्रेशर आपोआप उतरू द्या, झाकणावरची पिन खाली पडली की उघडा आणि चिकन कच्चं असेल तर लगेच दुसऱ्या पातेल्यात काढून गॅसवर शिजवा, अर्धवट शिजलेलं तासन् तास कोमट ठेवायचं नाही. लाईट आल्यावर काही कुकर पुढे चालू होतात, काही परत शून्यापासून, तुमचा कुठला ते एकदा नुसतं पाणी ठेवून स्विच बंद चालू करून बघा.

आणि भाताला बासमती कोलम नको, त्यांचा भात चिकट असतो, इंद्रायणी घ्या. धुऊन अर्धा तास भिजवून, निथळून, तांदळाएवढंच पाणी.

मेघा_रत्नागिरी

इंद्रायणीला +१. आणि सई ताई, उरलेल्या चिकनच्या हाडांचं पाणी काढून त्यात भात मऊ शिजवला की दाकजुक होतं, म्हणजे चिकनची पेजच. परीक्षेच्या दिवसात लेकीला तेच द्या, पोटाला हलकं. फक्त पेज फेसाळते, भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि वाफ आपोआप जाऊ द्या, वाल्व उघडलात तर पेज ओट्यावर.

वेंगुर्ल्याची_सई

मंडळी, काल केलं. बर्न आलं नाही! तळ एकदम स्वच्छ, बटाटे अख्खे, सात मिनिटं उघडं उकळल्यावर रस्सा अगदी फोटोत असतो तसा. मांदेलीचं पाणी एक कप घातलं, सासूबाईंनी वास घेऊन विचारलं आज तिखलं केलंस काय, आणि मग दोनदा घेतलं. लेक काही बोललीच नाही, ताट पुसून खाल्लं. मुळा मीठ लावून ठेवलाय, मावशी, जवळा किती घालू एक किलोला?

सुकटवाली_मावशी

दोन टेबलस्पून कुटलेला पुरे. जास्त घातलास तर मुळा मागे पडतो.