मदत हवी आहे: बॉल पायथन अजगराच्या पेटीत ऊब कशी द्यावी?
नमस्कार मंडळी. आम्ही यावलचे. इकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, पण जानेवारीत पहाटे १० च्याही खाली येतो. घरी बॉल पायथन आहे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. त्याला पेटीत एका बाजूला ३१-३२ अंश आणि दुसरीकडे २५-२६ लागतात. गेल्या थंडीत थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) न लावता हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) ठेवली आणि त्याच्या पोटाला भाजलं. जखम भरली, पण डाग बघितला की अजून जीव कळवळतो. हीट रॉक (विजेवर तापणारा दगड) तर नकोच.

आता सिरॅमिक बल्ब (उजेड न देता फक्त ऊब देणारा) जाळीत बसवून थर्मोस्टॅटवर चालवावा, की मॅटलाच थर्मोस्टॅट जोडावा? थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) नेमका कुठे लावता? आणि रात्री लाइट गेली तर? १०० वॅटचा बल्ब इन्व्हर्टरवर रात्रभर कोणी चालवलाय का?