सत्तेचाळिशीत पुन्हा घोडेस्वारी, पण कंबर दुखते. सल्ला हवा

आसावरी४७
कॉलेजात असताना नियमित घोडेस्वारी करायचे. नोकरी-संसारात सुटली. आता पुन्हा सुरू करायची फार ओढ लागली आहे. अडचण कंबरेची. दिवसभर खुर्चीत बसलं की जास्त दुखते. एमआरआयमध्ये कंबरेतल्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसली. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा नाही, त्यामुळे डॉक्टरांनी बेताने करायला परवानगी दिली आहे. आठवड्याला एक वर्ग, एवढंच परवडतं. स्वतःचं खोगीर वगैरे शक्य नाही. सुरुवात कशी करू?

मांड_पक्की
आधी स्वतःचं खोगीर घ्या! खोल बैठकीचं घेतल्यापासून माझी कंबर एकदाही बोललेली नाही. इथे पैसे वाचवू नका.

चांदणी_घोडी
त्यांनी खोगीर नको म्हटलंय ना? शिवाय खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसावं लागतं, मग स्वाराला. वर्गात घोडे बदलतात, एकच खोगीर सगळ्यांना कसं चालेल? उलट घोड्याची पाठ दुखवाल.

मांड_पक्की
माझं तीन घोड्यांना व्यवस्थित बसतं.

चांदणी_घोडी
घोड्यांना विचारलंत का?

रानवारा
मी बॉडी प्रोटेक्टर घालतो, कंबरेला चांगला आधार मिळतो. घ्याच.

मणका_मित्र
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वारही. रानवारा, बॉडी प्रोटेक्टर पडल्यावर बसणारा मार कमी करतो. तो कंबरेचा पट्टा नव्हे.
आसावरीताई, साध्या चालीत घोडा आपलं कटीर (कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) जवळपास माणूस चालताना हलतं तसंच हलवतो, म्हणून सुरुवातीला चालच भरपूर करा. दुडकीत तिरक्या जोडीतले दोन-दोन पाय एकदम टेकतात आणि प्रत्येक ठोक्याला धक्का वर येतो. बसून दुडकी केली तर तो थेट मणक्यात जातो. एका ठोक्याला उठा, एकाला बसा. खुर्चीतल्या बैठकीमुळे मांडीच्या पुढचे, जांघेतले स्नायू आखडतात, मग खोगिरात कंबरेचा बाक वाढतो. ते रोज ताणा, त्याला पैसे लागत नाहीत. चढताना ठोकळा वापरा. पाय बधिर झाला, ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

टापांचा_नाद
मला एका ठिकाणी पहिल्याच दिवशी तापट घोडा दिला. पाठ महिनाभर धरली होती. शांत घोडा मागून घ्या, संकोच करू नका. आणि चढायला ठोकळा घ्या.

रवाल_प्रेमी
दुडकी सोडाच. रवाल, म्हणजे न उसळता झपझप जाण्याच्या, चालीचा घोडा शोधा. मारवाडी घोड्यांत मिळतो, आइसलँडी घोड्यांचा टोल्टही तसाच. अंगाला धक्का लागत नाही.

चांदणी_घोडी
आठवड्याच्या वर्गात रवाल घोडा कुठून मिळणार?

जुना_स्वार
वयाची चिंता करू नका. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४च्या ऑलिंपिकमध्ये उतरले होते आणि २०१२ला लंडनला ७१व्या वर्षी ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) करत होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे होते, तरी १९५२ आणि १९५६ला रौप्य.

मांड_पक्की
त्यांची खोगिरं उत्तमच असणार.

चांदणी_घोडी
आणखी एक, कुणी बोललंच नाही. कंबर घोड्यावर जेवढी दुखते त्याहून जास्त खाली दुखते. खोगीर उचलताना आणि खूर साफ करताना वाकणं टाळा, मदत मागा. खरारा चालेल.

आसावरी४७
सर्वांचे मनापासून आभार. मणका_मित्र, व्यायाम आजपासूनच सुरू करते. खूर आणि खोगिराचं प्रशिक्षकांशी बोलले, मदतनीस देतील. खोगीर घेत नाही, रवाल घोडाही शोधत नाही. आणि नुसत्या चालीवर महिनोन्महिने थांबणार नाही. मला दुडकीच परत हवी आहे, त्यासाठीच येते आहे. लंजवर, प्रशिक्षकाच्या हातात दोर असताना, पहिल्याच वर्गात दोन फेऱ्या उठून-बसून करीन. दुखलं तर उतरेन. रविवारी पहिला वर्ग आहे.

मांड_पक्की
खोगिराचा विचार मात्र करा.