शब्दचर्चा : ‘द्रागोस्त्या दिन तेइ’ला मराठीत काय म्हणावं?

कोशकीटक
परवा घरच्या एका साखरपुड्यात कुणीतरी ‘नुमा नुमा’, म्हणजे ‘द्रागोस्त्या दिन तेइ’ हे गाणं लावलं. पन्नाशीच्या आतले सगळे उठून नाचले, आणि भाचीने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, “मामा, याचा अर्थ काय?” जालावर ‘लिंडन वृक्षातून प्रेम’ असा यांत्रिक अनुवाद मिळाला. झाडातून डिंक निघतो हे माहीत आहे, प्रेम कसं निघतं?

नुसता सूर आठवणाऱ्यांसाठी : गाणं मोल्दोव्हाच्या ओ-झोन या त्रिकुटाचं. लिहिलं आणि रचलं दान बलानने, सोबत रादू सर्बू आणि आर्सेनिए तोदेराश. २००३ मध्ये रोमेनियात आलं आणि २००४ च्या उन्हाळ्यात युरोपभर धुमाकूळ घातला. भाषा रोमेनियन.

मला तीन गोष्टी हव्या आहेत : शीर्षक, ‘हायदुक’ हा शब्द, आणि त्यातला तो ‘बीप’.

राईपल्याड
‘द्रागोस्ते’ म्हणजे प्रेम. शेवटचा ‘आ’ हा निश्चिततेचा प्रत्यय, तो मराठीत सोडून द्यायचा. ‘तेइ’ म्हणजे लिंडनचं झाड. सगळी गडबड मधल्या ‘दिन’मध्ये आहे. हा ‘दे’ आणि ‘इन’ यांचा जोड, म्हणजे ‘च्या आतून’. पण रोमेनियनमध्ये गावातल्या माणसालाही ‘ओम दिन सात’ म्हणतात, आणि तो काही गावातून बाहेर पडत नसतो, तो तिथलाच असतो. आपला ‘-तला’ हेच काम करतो : गावातला, शेतातला, घरातला. तेव्हा ‘वृक्षातून’ विसरा. ‘लिंडनच्या राईतलं प्रेम’ म्हटलं की आमराईतल्या गाठीभेटी आपोआप डोळ्यांसमोर येतात.

अनुस्वार
‘झाडातलं’ की ‘झाडांतलं’? एका झाडाखालचं की अनेक?

राईपल्याड
अनुस्वारराव, तुमची वाटच पाहत होतो. रोमेनियनमध्ये ‘तेइ’चं एकवचन आणि अनेकवचन एकच. एक तेइ, दोन तेइ. त्यामुळे मूळ शीर्षकच मोघम आहे. ‘राईतलं’ केलं की तुमचा टिंबाचा प्रश्न मिटतो.

तिसरी घंटा
लिंडन हे नुसतं कुठलंही झाड नाही, ते सांगायला हवं. तिकडे साधारण जूनमध्ये फुलतं, बारीक फिकट पिवळी फुलं, दरवळ रस्ताभर. फुलं वाळवून चहा करतात. मिहाइ एमिनेस्कू (१८५० ते १८८९) या त्यांच्या मोठ्या कवीच्या प्रेमकवितांत हे झाड पुन्हा पुन्हा येतं, आणि याश शहरातल्या कोपोऊ बागेत ‘एमिनेस्कूचं लिंडन’ म्हणून एक जुनं झाड आजही दाखवतात. म्हणजे नाचाच्या गाण्याचं शीर्षक थेट काव्यपरंपरेतून उचललंय. आपल्याकडे ‘पारिजातकाखालचं’ म्हटल्यावर जो भाव येतो तोच. बुखारेस्टमध्ये तेइ नावाचं तळं आणि त्यालगतची वस्तीही आहे, त्यामुळे शीर्षकात ती वस्ती शोधणारेही भेटतात. मला काही ते पटत नाही.

कोशकीटक
लिंडनला मराठी शब्द?

तिसरी घंटा
झाडच इथलं नाही, तर शब्द कुठून येणार? पण सह्याद्रीत धामण असते ना, तिचं शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिफोलिया. टिलिया म्हणजे लिंडन, टिलिफोलिया म्हणजे लिंडनसारख्या पानांची. रोमेनियन ‘तेइ’ हाही लॅटिन ‘टिलिया’चाच वंशज. म्हणून ‘धामणीतलं प्रेम’ करू नका मात्र, वाचणारा काठी शोधेल.

(आणि लिंडन आता ज्या कुळात घालतात त्याच कुळात भेंडी आणि जास्वंद येतात. हे जाता जाता.)

उंटावरचा
शीर्षकावर एवढा खल, आणि जगाने ते कधी उच्चारलंच नाही. सगळ्यांनी ‘नुमा नुमा’ म्हटलं. तेही चुकीचं. मूळ शब्द ‘नु म येइ’. ‘नु’ म्हणजे नाही, ‘म’ म्हणजे मला, ‘येइ’ म्हणजे घेतोस किंवा घेतेस. आशय असा की तुला तर निघायचंय, पण मला नेत नाहीस. त्यातल्या ‘म’चा उच्चार आपल्या ‘मन’मधल्या ‘म’सारखा, ‘मामा’तला नव्हे. रोमन लिपीत त्यांना अक्षराच्या डोक्यावर चंद्रकोर काढावी लागते, ती बाकीच्यांनी टाकून दिली आणि ‘नुमा’ झालं. देवनागरीत काही न करता बरोबर लिहिता येतं.

आणखी एक. ‘येइ’ क्रियापदाला लिंग नाही, आणि आपल्या ‘नेत नाहीस’लाही नाही. त्यामुळे गाणारा पुरुष असो की बाई, ओळ तशीच राहते. गंमत म्हणजे हेच गाणं हायदुची नावाने पाउला मित्राके या रोमेनियन गायिकेनेही काढलं, आणि इटली नि स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं ते तिचं.

कोशकीटक
म्हणजे हायदुक आणि हायदुची एकच?

उंटावरचा
हो, ‘हायदुची’ म्हणजे ‘ते हायदुक’, अनेकवचन. हायदुक म्हणजे तुर्की अमलाच्या काळातले बाल्कन रानावनांतले बंडखोर लुटारू. लोकगीतांत ते श्रीमंताला लुटून गरिबाला देणारे असतात, दप्तरात नुसते दरोडेखोर. कोशात ‘डाकू’ दिलंय. डाकू म्हटलं की चंबळ आणि घोडे डोळ्यांपुढे येतात. मी ‘बंडवाला’ लिहीन. उमाजी नाइकांसाठी कंपनी सरकारच्या काळात हाच शब्द होता, आणि त्यात सरकारची शिवी नि लोकांचं कौतुक दोन्ही एकाच वेळी आहे. हायदुकमध्ये नेमकं तेच आहे. गाण्यातला पोरगा स्वतःला आधी हायदुक आणि पुढे ‘वोइनिक’ही म्हणवतो. मुळात हा स्लाव्ह भाषांतला ‘सैनिक’, रोमेनियनमध्ये आल्यावर ‘गडी’. रांगडा गडी.

तिसरी घंटा
जगाने कसं घेतलं हेही लिहायला हवं, कारण तिथेही शब्दांचीच मजा आहे. युरोपच्या एकत्रित चार्टवर १२ आठवडे पहिला क्रमांक, फ्रान्स आणि जर्मनीतही अव्वल. ब्रिटनमध्ये रोमेनियन गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. अमेरिकेत मात्र बिलबोर्डच्या यादीत ७२ वर अडकलं. तिथे ते गाजवलं न्यू जर्सीच्या गॅरी ब्रोल्समाने, २००४ च्या डिसेंबरात, खुर्चीत बसून वेबकॅमसमोर हात उडवत. यूट्यूब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. पुढे २००८ मध्ये टी. आय. आणि रिहाना यांच्या गाण्यात हाच सूर आला, आणि ते गाणं अमेरिकेत पहिलं ठरलं.

जपानचा किस्सा तर आपल्या धाग्यासाठीच घडलाय. तिथे ‘नुमा’चं ‘नोमा’ झालं, आणि नोमु म्हणजे पिणे. त्यावर लोकांनी मांजराची चलच्चित्रं केली, आणि विरहाचं गाणं पिण्याचं झालं. असं चुकीचं ऐकण्याला जपानीत ‘सोरामिमी’ म्हणतात, शब्दशः रिकामा कान. मराठीत आपण ‘श्रवणभ्रम’ म्हणतो, पण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा शब्द वाटतो.

राईपल्याड
तिकडचे लोक याला ‘समर हिट’ म्हणतात. एका दैनिकात मी ‘उन्हाळी गाणे’ असं वाचलं होतं. आपल्याकडे उन्हाळी लागली की धण्याजिऱ्याचं पाणी देतात.

कोशकीटक
हसून पुरेवाट. ‘सुट्टीतलं गाणं’ म्हणतो. आणि या नाचगाण्यांच्या प्रकाराला, यूरोडान्सला?

उंटावरचा
तसंच ठेवा. नव्वदीतल्या त्या साच्यात कडव्याला पुरुषाचा रॅप, पालुपदाला बाईचा चढा आवाज, खाली सिंथेसायझरची एकच घोटलेली धून. ओ-झोनने रॅप वगळला, बाकी साचा तोच. सुरुवातीच्या ‘माया-ही, माया-हू’ला अर्थ नाही, ते तराण्याचे बोल समजा.

वऱ्हाडी ठेचा
बीप राह्यला न भाऊ.

उंटावरचा
अरे हो. पोरगा फोन करून म्हणतो, मीच तो, पिकासो, तुला बीप दिला होता. म्हणजे एक घंटी वाजवून फोन ठेवला, पैसे वाचवले. आपला मिस कॉल! ज्या भाषांत ही पद्धत नाही तिथे अनुवादकाला अख्खं वाक्य खर्चावं लागतं. आणि क्रियापद बघा : ‘दात’, म्हणजे दिला. लॅटिन ‘दारे’पासून आलेला, म्हणजे संस्कृत ‘दत्त’चा लांबचा भाऊ. तेही बीप देतात, आपणही मिस कॉल देतो.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या इकडे देत नाहीत, मारतात.

कोशकीटक
मग काय लिहू? ‘दिला’ की ‘मारला’?

वऱ्हाडी ठेचा
प्रेमात हाय न तो. दिला लिहा.