गिरणी संपाच्या काळात घरखर्च कसा भागवला? माहिती हवी आहे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला आणि जो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, त्या काळात कामगारांच्या घरांतील चूल कशी पेटत राहिली, याच्या आठवणी मी संकलित करीत आहे. संपाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. घरातील हिशेबाकडे मात्र, माझ्या मते, फार कमी लक्ष गेले आहे.

लालबाग, परळ, वरळी या भागांत आपले कुटुंब राहत असल्यास कृपया सांगावे: वाण्याने उधारी किती काळ चालू ठेवली? दागिने सावकाराकडे गहाण पडले, की भिशीच्या पैशांवर निभावले? कोकणातून किंवा घाटावरून तांदूळ, ज्वारी येत असे का, आणि बायकामुलांना गावी पाठवल्यावर मुलांच्या शाळेचे काय झाले? खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवांची मला विशेष गरज आहे, कारण जेवणाऱ्या कामगारांचाच पगार थांबल्यावर त्यांनी काय केले असेल, हे समजून घ्यायचे आहे. जुनी उधारीची वही किंवा गहाणाची पावती जपून ठेवलेली असल्यास, नावे झाकून तिचे छायाचित्र पाठवता येईल का?